पंधरावा आरोपी

माझ्या वडिलांच्या नावावर फौजदारी गुन्हा आहे, हे ते जाऊन सात महिने झाल्यावर आम्हाला कळलं. तोही साधासुधा नाही. बेकायदा जमाव, दंगल आणि पाण्याच्या टँकरची नासधूस.

ज्यांनी माझ्या वडिलांना, म्हणजे आत्माराम गोविंद पेडणेकरांना, पाहिलं होतं त्यांना यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की रिकामा रस्तासुद्धा ते दोन्ही बाजूंना बघून ओलांडत आणि ओलांडून झाल्यावर पुन्हा एकदा बघत. एका विमा कंपनीत ते हेडक्लार्क होते. दूध नासकं आलं तर दूधवाल्याला तोंडाने काही बोलत नसत, चिठ्ठी लिहीत. असा माणूस दंगल करतो म्हणजे नक्की काय करतो, याचं चित्र मला आजही डोळ्यांसमोर आणता येत नाही.

हे सगळं उपटलं ते त्यांच्या पुस्तकांमुळे. अण्णांनी जमवलेली अकराशे पुस्तकं आमच्या दोन खोल्यांत होती. ते गेल्यावर आईने ठरवलं, की फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीसमोर जी सार्वजनिक खोली बंद पडून आहे, तिथे वाचनालय काढायचं आणि त्याला अण्णांचं नाव द्यायचं. वर्षश्राद्धाच्या दिवशी पाटी लागली पाहिजे. आई एरवी कुठल्याच गोष्टीचा हट्ट धरत नाही. हा धरला. सोसायटीचे सेक्रेटरी हरेश्वर म्हात्रे यांनी हौसेने कागदपत्रं केली आणि नगरपालिकेच्या नियमांच्या चौथ्या पानावर एक अट सापडली: ज्या व्यक्तीचं नाव द्यायचं तिच्या चारित्र्याची पोलिसांकडून पडताळणी झालेली असावी.

"फॉर्मॅलिटी आहे गं," हरेश्वरकाका म्हणाले. "आत्मारामच्या चारित्र्याला काय धाड भरलीय?"

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सदर इसमाविरुद्ध १९९१ सालचा एक गुन्हा प्रलंबित. आरोपी क्रमांक पंधरा.

आईने ते पत्र दोनदा वाचलं. "दंगल?" ती म्हणाली. "यांनी?" मग एखाद्या पारितोषिकाची चौकशी करावी तशा आवाजात तिने विचारलं, "कुठे?"

तिला धक्का बसेल म्हणून मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते. तो शेवटी मीच प्यायले.

बातमी सोसायटीत पसरायला दुपार पुरली. समोरच्या सरोजिनीकाकू पहिल्या आल्या. त्यांचं म्हणणं, हा दुसराच कुणी पेडणेकर असणार. नालासोपाऱ्याला एक आहे, तो तसा वाटतोसुद्धा. मग त्यांनी दुसरा तोडगा काढला. "नाहीतर वाचनालयाला 'ज्ञानगंगा' नाव द्या. नदीच्या चारित्र्याची चौकशी करायला पोलीस जाणार नाहीत." हरेश्वरकाका मात्र एकदम बदलले. ज्यांनी हौसेने अर्ज लिहिला होता तेच म्हणू लागले, "विनिता, जुनं उकरू नये. मेलेल्या माणसाला कोर्टकचेऱ्या कशाला दाखवायच्या? 'ज्ञानगंगा' चांगलं आहे."

आईने दोघांनाही चहा दिला आणि सांगितलं, "नाव यांचंच लागेल. गुन्हा काय तो विनिता काढून टाकेल." जणू तो साडीवरचा डाग होता.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे; लग्नानंतरही माहेरचंच नाव लावते आणि अण्णा गेल्यापासून आईजवळच राहते. माझं वाचन बऱ्यापैकी आहे, आणि वाचणाऱ्या माणसाचा एक भ्रम असतो, की कुठलाही छापील कागद आपल्याला शेवटी कळतोच. त्याच आठवड्यात मी पेपरात वाचलं होतं, की सरकारच्या कुठल्याशा खात्याने जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी प्रायोगिक तत्त्वावर ऑनलाइन अर्जाची सोय केली आहे. घरबसल्या. हे २००७ साल होतं. घरी बसून करायला आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून मी परेशच्या सायबर कॅफेत जाऊन बसले.

परेश तिशीतला, एका वेळी तीन भाषांत बोलणारा माणूस. त्याने संकेतस्थळ उघडलं तर पडद्यावर नुसते चौकोन. "फॉन्ट नाय आहे, मॅडम. डाउनलोड करतो. दो मिनिट." दोन मिनिटांनी वीज गेली. तेव्हा आमच्याकडे भारनियमन असं होतं, की वीज कधी जाणार हे सगळ्यांना पाठ असायचं, फक्त परेशला नाही. मी दुसऱ्या दिवशी गेले. चौकोनांची अक्षरं झाली होती. पहिलाच प्रश्न होता: अर्जदार स्वतः आरोपी आहे काय? होय किंवा नाही.

मी 'नाही' केलं. पडद्यावर आलं: आपण या सेवेस पात्र नाही. धन्यवाद.

पुन्हा केलं. पुन्हा धन्यवाद.

"मॅडम, तुम्ही होय करा ना," परेश म्हणाला. "सिंपल आहे. आगे जाके सही नाव टाकायचं. ये लोग पुढे सगळं वाचतात."

"पण मी आरोपी नाहीये, परेश."

"ते मला माहितीय. कॉम्प्युटरला कुठे माहितीय?"

यातला तर्क मी नीट तपासायला हवा होता. पण मागे दोन मुलं खेळ खेळायला खोळंबली होती आणि माझ्या मानेवर त्यांचा श्वास येत होता. मी 'होय' केलं, अर्जदार म्हणून माझं आणि वडिलांच्या रकान्यात अण्णांचं नाव भरलं. मग आलं 'आरोपीची सद्यःस्थिती'. त्यात तीनच पर्याय: हजर, फरार, इतर. मी 'इतर' निवडलं. खाली एक रकाना उघडला: तपशील द्या, वीस अक्षरांत.

गेल्या सात महिन्यांत मी बँकेत, रेशन कार्यालयात, गॅसच्या दुकानात तो शब्द पुष्कळदा ऐकला होता. पण स्वतःच्या हाताने अण्णांच्या नावासमोर 'मयत' मी पहिल्यांदाच लिहिला. तीन अक्षरं. सतरा अक्षरांची जागा शिल्लक राहिली.

परेशने पडद्याकडे बघायचं टाळून प्रिंटरमधला कागद उगाच सारखा केला. तो बरा माणूस आहे.

मृत्यूचा दाखला जोडायचा होता, पण तो पन्नास केबीपेक्षा मोठा चालत नव्हता. परेशने तो इतका लहान केला, की शेवटी त्यावर फक्त शिक्का ओळखू यायला लागला. कोण मेलं हे कळेना. तेवढ्यात वीज जाण्याची वेळ झाली, मी घाईने 'सादर करा' दाबलं आणि अर्ज गेला. कुठे गेला हे अर्थातच कळलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी हवालदार गावित दारात उभे. हातात छापील कागद. वयस्कर, शांत, घामाघूम.

"विनिता आत्माराम पेडणेकर कोण?"

"मी."

"एक्क्याण्णव सालच्या टँकरच्या दंगलीतल्या आरोपी तुम्हीच का?"

मला वाटतं, या वाक्यानंतर आमच्या मजल्यावरची चारही दारं उघडली. सरोजिनीकाकूंच्या हातात तर झारा होता.

"माझे वडील," मी म्हटलं.

"वडिलांचं नाव आत्माराम, बरोबर. ते इथे वडिलांच्या रकान्यात आहे. आरोपी तुम्ही. सद्यःस्थिती..." त्यांनी चष्मा पुढे-मागे केला. "मयत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. "म्हणजे तुम्ही हजर नाही."

"मी तुमच्या समोर उभी आहे."

"ते मला दिसतंय, मॅडम. इथे तसं लिहिलेलं नाही."

मी झालेला घोळ सांगितला. गावितांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि शेवटी सुस्कारा सोडला. अडचण अशी, की संगणकाने माझं नाव त्या गुन्ह्यात घातलं होतं, पण अण्णांचं काढलं नव्हतं. म्हणजे आता आरोपी सोळा.

"एक्क्याण्णव साली तुमचं वय?"

"तेवीस. माझी एम.ए.ची परीक्षा चालू होती."

"पुरावा?"

"दुसरा वर्ग," आई आतून म्हणाली. ती चहा घेऊन आली होती. तिने गावितांना बसवलं, बिस्किटं पुढे केली आणि खुर्ची ओढून समोर बसली. "यांनी नक्की काय केलं होतं हो? दगड मारला का?"

"केस कागदावर बघावी लागेल, बाई."

"एका दगडात काच फुटली असेल?"

गावित चक्रावले. आरोपीच्या घरच्यांकडून त्यांना हा सूर सवयीचा नसावा. पण मला तो गेले काही दिवस ऐकू येत होता. आई भाजीवालीलाही सांगत होती, की आमच्या यांनी पाण्यासाठी टँकर फोडला होता, कधी बोलले नाहीत. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने आवाज चढवला नाही, त्याने कशावर तरी एकदा हात उगारला होता याचं तिला जे समाधान वाटत होतं, ते बघून मी गप्प बसत होते. सात महिन्यांत ती पहिल्यांदाच कुठल्या तरी गोष्टीबद्दल चार वाक्यं बोलत होती.

दोन दिवसांनी मी पोलीस ठाण्यात गेले. हरेश्वरकाका वाटेत भेटले. मी कुठे निघाले ते कळताच त्यांनी माझी पिशवीच धरली. "जाऊ नकोस. तिथली जुनी कागदं उंदरांनी खाल्ली असतील." मी म्हटलं, मग बघून तरी येते.

उंदरांनी खाल्ली नव्हती. गावितांनी फडक्यात बांधलेला गठ्ठा सोडला आणि एक फुलस्केप कागद माझ्यासमोर ठेवला. मी काही वाचण्याआधीच मला कळलं, हे अण्णांचं अक्षर. तो 'श', ती सरळ शिरोरेषा. पकडलेल्या लोकांची यादी होती. अनुक्रमांक, पूर्ण नाव, वय, राहणार. एक ते चौदा. त्याखाली पट्टीने मारल्यासारखी रेघ, आणि रेघेखाली: आत्माराम गो. पेडणेकर. तारीख. सहीखाली दोन टिंबं.

"यादी यांनी लिहिलीय?" गावितांनी विचारलं.

"हो."

त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. "म्हणजे असं झालं असेल. टँकर फुटला. आमच्या माणसाने पोरं-बाया धरल्या. नावं लिहायला पेन चालेना. तुमचे वडील बाजूने जात असतील. खिशात पेन दिसलं, मागितलं."

मला पुढचं सगळं दिसलं. अण्णा स्वतःचं फाउंटन पेन दुसऱ्याच्या हातात देत नसत. निब बिघडते. माझ्या लग्नाच्या रजिस्टरवरसुद्धा त्यांनी माझ्या नवऱ्याला दुसरं पेन दिलं होतं. तेव्हा त्यांनी नक्की म्हटलं असणार, द्या इकडे, मीच लिहितो. आणि कुठलाही कागद लिहून झाल्यावर त्याखाली सही केल्याशिवाय त्यांना सोडवत नसे.

"मोजणाऱ्याने वरून खालपर्यंत मोजलं," गावित म्हणाले. "पंधरा."

मी हसले असावे, कारण त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तेवढ्यात माझी नजर यादीच्या मध्यावर गेली. क्रमांक सहा: हरेश्वर लक्ष्मण म्हात्रे, वय ४१, राहणार फुलपाडा.

काका त्या संध्याकाळी स्वतःहून आले. बसले नाहीत, दारात उभे राहिले. "टँकरची चावी मी उघडली होती," ते म्हणाले. "काच कुणी फोडली माहीत नाही. पुढे सरकारने केस मागे घेतली, आम्ही चौदा जणांनी अर्जावर सह्या केल्या आणि सुटलो. तुझ्या वडिलांनी सही केली नाही. मी पाया पडलो. म्हटलं, आत्माराम, कर सही. तर म्हणे, यात लिहिलंय आम्ही आंदोलनात सहभागी होतो. मी नव्हतो, हरेश्वर."

"पण मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना, मी नुसती यादी लिहिली म्हणून?"

काका जिन्याकडे वळले. "ते तेरेसाला विचार. अर्नाळ्याची. तिच्यासमोर झालं ते सगळं."

तेरेसामावशी यादीत क्रमांक नऊ. तेव्हा फुलपाड्यात मासळीची पाटी घेऊन यायच्या. आता गुडघ्यांनी घरात बसवलं होतं. मी अण्णांची मुलगी म्हटल्यावर त्यांनी सुनेला पानी आन म्हणून सांगितलं आणि मला शेजारी बसवून घेतलं.

"वकील पयल्याच तारखेला बोल्ला त्यांना. आत्मारामभाऊ, तुमी सांगा यादी मी लिवली, आत्ता सुटाल. तुजे वडील बोल्ले, मंग कोर्ट मला साक्षीदार करल. इचारल, यातलं कोन कोन तिथं व्हतं. मंग मी काय बोलू? खोटं बोलता नाय यायचं मला." मावशींनी डोक्यावरचा पदर नीट केला. "आनि खरं बोल्लं तं आमी चौदा जनं आत. तं ते गप बसलं. सा वर्सं. दर तारखेला येऊन आमच्या बाकावर बसत."

"सहा वर्षं?"

"हां. डबा घिऊन. ऊन झालं का आमी सगळी वाटून खायचो. वयनीच्या हातचं भरलं वांगं," त्या म्हणाल्या, आणि हाताची पाचही बोटं एकत्र केली.

मी मनातल्या मनात हिशेब लावला. सहा वर्षं, महिन्या-दोन महिन्यांनी, अण्णा घरी सांगत: आज ऑडिट आहे, दोन चपात्या जास्त घाल. एवढं ऑडिट होणारी कंपनी बुडत कशी नाही, याचं आम्हाला नवल वाटायचं.

आता कामाचं म्हणाल तर सोपं होतं. गावितांनी सांगितलं, बाकीच्यांची केस केव्हाच संपली, कुणाला धोका नाही. तुमच्या वडिलांचा सहभाग नव्हता, ते फक्त लिहिणारे होते, एवढा जबाब द्या, म्हात्रे आणि तेरेसाबाईंची साक्ष जोडा, नाव निघेल. माझ्यापुढे प्रश्न वेगळाच होता. नाव काढायचं म्हणजे आईकडून तो दगड काढून घ्यायचा.

मी तिला सांगितलं. आडवळणाने सांगायचा प्रयत्न केला, पण ती भाजी निवडत होती आणि निवडताना तिला आडवळणाचं ऐकू येत नाही.

"म्हणजे यांनी काही केलंच नाही," ती म्हणाली.

"आई, सहा वर्षं..."

"ते कळलं." तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "वांगं कसं होतं म्हणाली ती?"

"छान होतं म्हणाली."

"मी विचारायचे तेव्हा हे नुसतं 'ठीक' म्हणायचे. खाल्लं असेल तर ना." ती पुन्हा मेथी निवडू लागली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "जबाब खरा दे. यांना दुसरा चालला नसता."

जबाब गावित दोन बोटांनी टाइप करत होते. मी म्हटलं, सहभाग नव्हता. मग म्हटलं, पण त्यांनी तसं सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही, हे लिहिता येईल का?

"त्याला रकाना नाही, मॅडम."

"खाली जागा आहे."

गावितांनी कागद मशीनमधून काढला, टेबलावर सपाट केला आणि स्वतःच्या अक्षरात ती एक ओळ खाली लिहिली. त्यांचं अक्षर वाईट आहे. मी सही केली.

वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधी पत्र आलं. आत्माराम गोविंद पेडणेकर यांच्याविरुद्ध कोणतीही नोंद नाही. पाटी लागली. हरेश्वरकाकांनी भाषण केलं आणि त्यात टँकरची चावी आपण उघडली होती हे जाहीरपणे सांगितलं. त्यानंतर नियमांच्या चौथ्या पानावरून सेक्रेटरीपदाला तीच अट लागू होते का, यावर सोसायटीत जो वाद सुरू झाला तो अजून चालू आहे. सरोजिनीकाकूंचं म्हणणं, सगळ्यांनीच काहीतरी करून ठेवलेलं दिसतंय, आपणच मागे राहिलो.

एक गोष्ट मात्र राहिली. संगणकात अण्णांचं नाव निघालं तशी आरोपींची संख्या सोळाची पंधरा झाली. पंधरावी मी. गावितांनी वर कळवलंय. वरून कळतं, की ऑनलाइन अर्ज आलेला असल्यामुळे दुरुस्तीही ऑनलाइनच करावी लागेल. परेश म्हणतो, सिंपल आहे, फ्रेश फॉर्म भरू, पहिल्या प्रश्नाला होय करा. मी अजून भरलेला नाही. महिन्यातून एकदा स्थिती बघून येते. 'प्रलंबित' असं येतं.

मागच्या आठवड्यात अर्नाळ्याला गेले होते तेव्हा तेरेसामावशींना हे सांगितलं. त्या हसून हसून खोकायला लागल्या. सुनेने पाठ चोळली. मग पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तारीख पडली तं सांग. आमी येऊ बसायला."